पुन्हा टाकी

आमच्या चाळीत पाट्याला टाकी लावणारी बाई यायची ती नेमकी दुपारी. डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत प्रत्येक मजल्यावर मधून एक लांब पॅसेज जातो आणि त्याच्या दोन्ही अंगांना खोल्या. भर दुपारीही तिथे दिवा लावावा लागायचा. गिरणीतल्या तिसऱ्या पाळीवरून सकाळी आलेली माणसं त्या वेळी गाढ झोपलेली असत. ती जिन्यावरूनच "पाट्यालाऽ टाकीऽऽ" अशी हाळी द्यायची आणि चार-पाच दारांतून एकदमच बायका बाहेर येऊन तिला गप्प करायच्या. "हळू गं बाई, माणसं निजलीत." मग ती पॅसेजच्या टोकाला, खिडकीखाली गोणपाट अंथरून बसायची. आवाज नको म्हणणाऱ्या बायकाच आपापले पाटे पोटाशी धरून आणायच्या, तिच्यापुढे ठेवायच्या, आणि मग सगळा मजला तासभर टकटकत राहायचा. त्या आवाजाने कुणी जागं झालेलं मला आठवत नाही. साच्यांच्या खडखडाटात जन्म काढलेल्या माणसांच्या झोपेपर्यंत तो पोचतच नसावा.

मी तिच्या समोर बसून राहायची. अंधारात टाकीच्या टोकाशी एखादी ठिणगी उडायची, ती बघायला. पाट्याच्या मध्यावर, जिथे वाटण जास्त होतं, तिथे ती मोठे टोचे मारायची. कडेला येता येता हात हलका व्हायचा, टोचे बारीक आणि दाट होत जायचे. शेवटी हाताने भुकटी झाडून, पाटा तिरका धरून उजेडात बघायची. टाकी लावल्यावरचं पहिलं वाटण खायचं नसतं, त्यात कच उतरते. आई मूठभर तांदूळ आणि जाडं मीठ वाटून फेकून द्यायची. मग धुवून पुन्हा थोडं वाटायची, बोटावर घेऊन दाताखाली धरायची, आणि तिचं समाधान झालं की पाटा पुढचे काही महिने संसाराला लागायचा. पुढे तो हळूहळू गुळगुळीत व्हायचा. हात फिरवावासा वाटेल इतका. आई मात्र कुरकुरायला लागायची, मिरच्या नुसत्या सरकतात म्हणून.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे वाक्य शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून वर्षातून एकदा तरी यायचं. मला ते कधी पटलं नाही. आमच्या घरातला दगड दर काही महिन्यांनी घाव सोसत होता आणि मोरीशेजारच्या आपल्या जागेवरून त्याला कुणी देव्हाऱ्यात नेल्याचं मी पाहिलं नाही. देवाला एकदाच घडवतात. पाट्याला पुन्हा पुन्हा घडवावं लागतं. यातलं अवघड कोणतं, हे मास्तरांना विचारायचं धाडस तेव्हा नव्हतं.

हे सगळं मला आठवलं ते कुस्कोतल्या एका खानावळीत. निवृत्तीनंतर भाचीच्या नादाने पेरूला गेले होते. कुस्को म्हणजे इंका राजांची राजधानी, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंच. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई ठेवलं तरी कुस्को वरच राहतं. पहिले दोन दिवस डोकं गच्च धरलेलं, भूक मेलेली. तिसऱ्या दिवशी जरा बरं वाटलं म्हणून जेवायला गेलो, तर स्वयंपाकघराच्या दारातून तो दिसला. रुंद, सपाट, जमिनीवर बसवलेला दगड आणि त्यावर अर्धचंद्राच्या आकाराचा दुसरा. एक बाई तो वरचा दगड दोन्ही हातांनी धरून डावीकडून उजवीकडे झुलवत होती आणि खाली मिरची वाटली जात होती. बतान म्हणतात त्याला. आपला वरवंटा पुढेमागे ओढायचा, त्यांचा झुलवायचा, फरक एवढाच. मी आत घुसून पाट्यावर हात फिरवला. चांगला खरखरीत होता. ती बाई हसली, आणि भाची दारातूनच म्हणाली, "मावशी, आपण इथे माचू पिचू बघायला आलोय."

तसं पाहिलं तर माझ्या आईच्या पाट्यावरची मिरची आणि डिलाईल रोडच्या नाक्यावरच्या वड्यातला बटाटा, दोघेही अमेरिका खंडातून समुद्र ओलांडून आलेले. बटाटा तर थेट अँडीजचाच. तिथल्या डोंगरातले लोक हजारो वर्षं तो पिकवताहेत. रात्रीच्या कडाक्यात तो गोठू देतात, दिवसा उन्हात टाकतात, पायांनी तुडवून त्यातलं पाणी काढतात. असा वाळवलेला बटाटा वर्षानुवर्षं टिकतो. इंकांची कोठारं त्याने भरलेली असत. मला त्यांच्या सोन्यापेक्षा ही कोठारं जास्त विश्वासाची वाटली. ज्यांच्याकडे लोखंड नव्हतं, चाकाची गाडी नव्हती, आपल्यासारखी लिपी नव्हती, हिशेब दोऱ्यांना गाठी मारून ठेवायचे, त्यांनी डोंगरांतून एवढं राज्य चालवलं ते माणसांच्या पाठीवर आणि लामांच्या पाठीवर. आणि पाठीला रोज जेवावं लागतं.

कुस्कोच्या हातुन रुमियोक नावाच्या गल्लीत एक भिंत आहे. तिच्यात बारा कोनांचा एक दगड बसवला आहे, त्याच्यासमोर दोरी लावून एक पहारेकरी उभा होता, फोटोसाठी रांग होती. चुना नाही, माती नाही, दगडाला दगड असा भिडलेला की फटीत पातं शिरत नाही, असं प्रत्येक वाटाड्या सांगतो आणि प्रत्येक पर्यटक शेजारच्या दगडांच्या फटीत नखाने तपासून बघतो. मीही बघितलं. पण माझा हात फटीवर थांबला नाही, दगडाच्या पोटावर गेला. तिथे टोचे होते. मधे मोठे, कडेला येता येता बारीक आणि दाट.

जाँ-पिएर प्रोत्झेन नावाच्या वास्तुशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात इंकांच्या खाणींत जाऊन नुसत्या दगडाने दगड घडवून पाहिला. नदीतला कठीण गोटा घ्यायचा आणि ठोकत राहायचं. गोटा जड असेल तर त्याच्या वजनानेच काम होतं, कडेला हलका गोटा. तसेच टोचे उठले जसे त्या भिंतींवर आहेत. एवढं सोपं उत्तर समोर असताना हे सगळं परग्रहावरच्यांनी बांधलं म्हणणारी पुस्तकं जगभर खपतात. त्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही म्हणा. सह्याद्रीतलं कुठलंही लेणं घ्या, गावातला कुणीतरी ते पांडवांनी एका रात्रीत कोरलं असं सांगतोच. तेही सकाळी कोंबडा आरवला म्हणून अर्धवट सोडून. काम मोठं दिसलं की ते माणसाच्या हातून काढून घ्यायची घाई सगळीकडे सारखीच. गिरण्यांच्या चिमण्यांवर अजून ही पाळी आलेली नाही, त्यांना बांधणाऱ्यांची नातवंडं अजून त्याच वस्तीत राहतात म्हणून असेल.

ओयांतायतांबो या इंकांच्या ठिकाणी नदीपलीकडच्या डोंगरातून दगड आणत. खाणीपासून देवळापर्यंतच्या वाटेवर काही प्रचंड शिळा मधेच पडून आहेत. तिथले लोक त्यांना थकलेले दगड म्हणतात. दगड थकला. माणसं थकली असं कुणी म्हणत नाही. इंकांकडे कर पैशात नव्हता, तो अंगमेहनतीत द्यायचा. वर्षातले काही दिवस राज्याच्या रस्त्यावर, शेतावर, बांधकामावर. त्या दिवसांत राज्य त्यांना जेवू घालायचं, मक्याची दारू पाजायचं. पुढे स्पॅनिश आले, त्यांनी तीच पद्धत तेवढी उचलली आणि माणसं पोतोसीच्या चांदीच्या खाणीत घातली. जेवणाचं मात्र विसरले.

माचू पिचूबद्दल मी फार लिहिणार नाही. ते फोटोत दिसतं तसंच आहे, ही त्याची अडचण आहे. सकाळी धुकं होतं, मग ते उचललं, आणि आजूबाजूच्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. तिकिटावर वेळ छापलेली, वाट ठरलेली, मागे फिरायला मनाई. मला तिथे दोन गोष्टी जास्त वेळ पुरल्या. एक म्हणजे तिथली शेतीची पायरी-पायरीची रानं. १९११ च्या जुलैत हायरम बिंगहॅम तिथे पोचला आणि जगाला हरवलेलं शहर सापडलं, तेव्हा त्या पायऱ्यांवर दोन शेतकरी कुटुंबं आपलं पीक घेत होती. खालच्या गावातल्या मेल्चोर आर्तेआगाने त्याला वर आणलं आणि वरच्या घरातल्या एका पोराने आतली भिंत न् भिंत फिरवून दाखवली. त्या पोराच्या दृष्टीने हरवलेलं काहीच नसणार.

दुसरी गोष्ट आता तिथे नाही. आगुस्तीन लिसारागा नावाचा जवळपासचाच एक माणूस बिंगहॅमच्या नऊ वर्षं आधी तिथे जाऊन आला होता. त्याने तीन खिडक्यांच्या देवळाच्या भिंतीवर कोळशाने आपलं नाव आणि १९०२ हे साल लिहिलं होतं. बिंगहॅमने ते वाचलं, टिपून ठेवलं, आणि पुढे ते पुसलं गेलं. भिंत स्वच्छ झाली हे चांगलंच. तरी ते नाव असायला हवं होतं असं मला वाटत राहतं. आणि असं वाटणं मला शोभत नाही, कारण नाणेघाटातल्या लेण्यात बदाम काढून आपली नावं लिहिणाऱ्या पोरांना मी चारचौघांत फैलावर घेतलेलं आहे.

नाणेघाट आमच्या घरातला. आमचे पणजोबा जुन्नरकडचे. तिकडची जमीन कोरडी, भाऊ अनेक. घाटघरच्या पठारावरून ते नाणेघाट उतरले, कोकणात आले, चालत कल्याण गाठलं आणि तिथून आगगाडीने मुंबईला, कापडाच्या गिरणीत. कल्याणला रेल्वे १८५४ पासून होती. घाटाला दोन हजार वर्षांचं वय असेल तर असो, त्यांच्या दृष्टीने ती गावाहून निघायची जवळची वाट. आजोबा ही गोष्ट सांगत तेव्हा सातवाहन, नागनिका, शिलालेख यातला एकही शब्द त्यांच्या तोंडी नसे. सांगत ते एवढंच, की डोक्यावर ट्रंक होती, घाटात पाणी चांगलं मिळालं आणि कल्याणला पायातली वहाण तुटली.

आम्ही जातो ते उलटं, करी रोडहून कल्याणची धीमी लोकल, कल्याणच्या डेपोतून माळशेजकडे जाणारी एसटी, आणि वैशाखऱ्याजवळ उतरून चढण. सुरुवातीला नुसतं रान. मग हळूहळू पायाखाली बसवलेले दगड यायला लागतात, अगदी वर घळीत शिरलं की कातळ फोडून केलेली वाट. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल या वाटेने वर चढून जुन्नरला, पुढे पैठणला जायचा. इकडे बैल होते, तिकडे लामा. लामा तीस किलोच्या आसपास ओझं नेतो, जास्त घातलं की खाली बसतो आणि थुंकतो. बैलाला ही सोय नव्हती. माथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकात टाकायची असं सांगतात. मुंबईहून येणारा प्रत्येक जण त्यात वाकून बघतो.

लेणं माथ्याच्या जरा खाली. एकच चौकोनी दालन, तीन बाजूंना बसायला कातळाचा कट्टा, आणि डाव्या-उजव्या भिंतीवर ब्राह्मी अक्षरं. सातकर्णी राजाची राणी नागनिका हिचा तो लेख. कोणकोणते यज्ञ केले, अश्वमेध, राजसूय, आणि दर यज्ञाला गाई, घोडे, हत्ती, नाणी किती दिली त्याची यादी. आपण आज लिहितो त्यातल्या काही आकड्यांचे सगळ्यांत जुने नमुने त्या यादीत सापडतात. भगवानलाल इंद्रजींनी ते वाचले. वाचणाऱ्यांना त्यात इतिहास दिसतो. मला त्यात एक विधवा बाई दिसते, उपासतापास करत राहणारी, नवऱ्यामागे घरचा सगळा खर्च आकड्यांनिशी भिंतीवर मांडून ठेवणारी. समोरच्या भिंतीत राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता वरची काही नावं उरली आहेत आणि खाली पावलांच्या खुणा. मधलं सगळं गेलं.

अक्षरं वाचता येत नाहीत, पण अक्षरांच्या आजूबाजूचं मला वाचता येतं. मावळतीकडून ऊन आत येतं तेव्हा भिंतीवर छिन्नीच्या तिरक्या रेघा उठतात. एका उंचीपर्यंत एका दिशेने, त्याच्या वर दुसऱ्या दिशेने. तिथे कुणीतरी पाट बदलला असेल, किंवा हात बदलला असेल. डावखुरा असेल. इंकांकडे लोखंड नव्हतं, इथे होतं, म्हणून रेघा लांब आहेत. बसाल्टची जात तीच, जिच्यापासून आमचा पाटा झाला. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यावर दोन हजार वर्षांपूर्वीच्या हाताची रेघ, आणि त्यावर कुणा राहुलने खडूने काढलेला बदाम. रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांनी आपलं नाव कोरून घेतलं आहे. गड बांधणाऱ्याने नावासाठी पायरी निवडली, तिच्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय पडणार हे ठाऊक असून. लिसारागाने कोळसा निवडला. राहुलवर मी खूप रागावले होते. आता वाटतं, रागावण्यापूर्वी विचारायला हवं होतं, दुसरं कुठे लिहायला जागा आहे का तुला.

आमच्या भागातलं सगळ्यांत जुनं शिल्प परळ गावात बारादेवीच्या देवळात आहे. १९३१ साली परळ-शिवडी रस्ता करताना ते जमिनीतून निघालं. साडेतीन मीटरच्या आसपास उंचीची एकच शिळा, तिच्यात एकावर एक आणि बाजूला असे शिव, सहाव्या शतकाच्या सुमाराचे. म्हणजे बीडीडीच्या चाळी उभ्या राहिल्या, गिरण्यांचे भोंगे सुरू झाले, ना. म. जोशींनी कामगारांसाठी सोशल सर्व्हिस लीग काढली, त्या सगळ्या काळात तो शिव जवळच मातीखाली होता. रस्ता खणणाऱ्यांच्या कुदळीला तो लागला. वाटा बांधताना जुनं सापडतं, आणि वाटा बांधतानाच जुनं जातं, हे दोन्ही या एका भागात मी पाहिलं आहे. आमच्या डिलाईल रोडलाही आता कित्येक वर्षं ना. म. जोशी मार्ग म्हणतात, टॅक्सीवाला सोडून.

आणि पूल. २०१८ च्या जुलैत अंधेरीला गोखले पुलाचा भाग कोसळला. शहरातल्या पुलांची तपासणी झाली आणि त्याच महिन्यात लोअर परळ स्टेशनावरचा आमचा डिलाईल रोडचा पूल बंद झाला. मग तो पाडला. पूर्ण उघडला तो २०२३ च्या नोव्हेंबरात. या पाच वर्षांत पुलाअलीकडचे आणि पलीकडचे नातेवाईक एकमेकांना परगावचे वाटायला लागले. गणपतीला आरतीला येणारी माणसं फोनवर आरती ऐकायला लागली. मधल्या काळात करोनाही येऊन गेला, त्यामुळे भेटी कशामुळे तुटल्या याचा हिशेब नीट लागत नाही.

कुस्कोच्या दक्षिणेला, काही तासांवर, आपुरिमाक नदीवर केस्वाचाका नावाचा पूल आहे. तो गवताचा आहे. इंकांच्या रस्त्यांवर असे कितीतरी होते. सहा देशांत मिळून सुमारे ३०,००० किलोमीटरचं ते जाळं २०१४ मध्ये जागतिक वारशात गेलं. पण गवताचा पूल जेमतेम तीसेक मीटरचा, आणि तो दर वर्षी जूनमध्ये नव्याने विणतात. चार वस्त्यांतली माणसं तीन दिवस जमतात. घराघरातून वळलेल्या बारीक दोऱ्या येतात. बायका त्या वळतात, पुरुष त्यांचे जाड दोर करतात, आणि जुना पूल कापून नदीत सोडून देतात. जवळच मोटारी जाणारा लोखंडी पूल आहे. कुणाचंही काही अडलेलं नाही. २०२० मध्ये करोनामुळे विणकाम झालं नाही आणि २०२१ च्या मार्चमध्ये तो पूल मधोमध तुटून खाली आला. जूनमध्ये पुन्हा विणला.

मी गेले तेव्हा विणकामाचे दिवस नव्हते. पूल वापरून वापरून करडा पडला होता. दोन पावलं टाकून परत आले, कारण तो हलतो, आणि खाली नदी दिसते. काठावर बसून बघत राहिले. पाचशे वर्षांपूर्वीचा पूल बघायला आलेय असं मी मनाशी म्हणत होते आणि त्यातली एकही काडी एका वर्षापेक्षा जुनी नव्हती. तरी तो जुनाच होता. कुस्कोजवळच्या साक्सायवामानच्या शंभर टनांच्या शिळांपेक्षाही मला तो जुना वाटला. त्या शिळा नुसत्या न हलून टिकल्या. त्यांच्या शेजारचे हलवता येण्याजोगे दगड स्पॅनिश लोकांनी कुस्कोतली घरं आणि चर्चं बांधायला नेले.

न हलता राहणं आमच्या रस्त्याला जमलं नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख माणसं बाहेर पडली, आणि माझे वडील, आप्पा, पुन्हा आत गेले नाहीत. पुढे मथुरादास मिलच्या, कमला मिलच्या आवारात काचेची ऑफिसं आली, हॉटेलं आली. चिमणी कुठे कुठे ठेवली आहे, तिच्यावर रात्री दिवे सोडतात. मी तिच्याकडे बघते तेव्हा मला राग येतो असं म्हणावं, तर येत नाही. ती साफ केली आहे, डागडुजी केली आहे, खाली फलकही असेल. फक्त तिला काम नाही. कुस्कोतल्या त्या बारा कोनांच्या दगडाला अजून भिंत उचलून धरायचं काम आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत कुणीतरी हातोडीने त्याला टवके पाडले, तरी भिंत आपली उभी. पाट्याला टाकी लावणारी बाई संपानंतर यायची बंद झाली, की घराघरांत मिक्सर आले म्हणून, हे आता सांगता येत नाही. दोन्ही आगेमागेच झालं. आता चाळींचा पुनर्विकास चालू आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर, आणि त्याची वाट बघण्यात ज्यांची हयात गेली त्यांच्यासमोर मी जुन्या पॅसेजचे गोडवे गाणार नाही. त्या पॅसेजच्या टोकाला संडास होते आणि सकाळी त्यांची रांग होती.

गेल्या उन्हाळ्यात नाणेघाटात गेलो ते टाक्यांतला गाळ काढायला. आमच्या भागातल्या पोरांचा एक ग्रुप आहे. रीतसर परवानगी काढतात, शनिवारी रात्री निघतात, आणि पावसाळ्याआधी एखाद्या गडावरचं किंवा घाटातलं पाण्याचं टाकं उपसून देतात. मला घमेली उचलायला देत नाहीत, चहाकडे लक्ष द्या मावशी म्हणतात, म्हणून मी साखळीत मधेच जाऊन उभी राहते. गाळ काळा, गार, त्याला कुजलेल्या पानांचा वास. मधेच प्लास्टिकची बाटली निघते, मधेच खापराचा तुकडा. खापर बाजूला ठेवायचं, बाटली पोत्यात. तळ लागला तेव्हा एकाने टॉर्च मारली, आणि कातळात कडेला टोचे दिसले. त्याने मला हाक मारून दाखवले, कारण मला ते आवडतात हे आता सगळ्यांना ठाऊक झालं आहे.

उतरताना घळीच्या मध्यावर एक पायरी सुटून कलंडलेली होती. गेल्या पावसात सुटली असावी. तिथे उतरताना एक मुलगी घसरली, फार लागलं नाही. सगळे थांबले आणि वाद सुरू झाला. अर्धे म्हणाले, दहा जण आहोत, पहार आहे, आत्ता उचलून जागेवर बसवू, खाली चिपा मारू, पाच मिनिटांचं काम. बाकीचे म्हणाले, हात लावायचा नाही, संरक्षित स्मारक आहे, परवानगी टाक्याची आहे, पायरीची नाही. आपण चुकीची बसवली तर मागून येणाऱ्याला ती जुनीच वाटणार. एक जण म्हणाला, अहो पण दोन हजार वर्षं कुणीतरी बसवतच आलं असेल ना. त्यावर दुसरा म्हणाला, त्यांना बसवता येत होती. मला विचारलं गेलं. माझ्या डोळ्यांसमोर पणजोबांची ट्रंक होती, आणि कुस्कोत भिंतीपुढे दोरी लावून उभा असलेला पहारेकरी होता, आणि दोघांपैकी एकाचीही बाजू मला घेता येईना. मी म्हटलं फोटो काढून ठेवा, कळवा. हे उत्तर कुणालाच आवडलं नाही, मलाही नाही. पहारवाल्या मुलाने पायरीच्या खाली हात घालून ती हलते का एवढं बघितलं. हलत होती. मग वैशाखऱ्याहून कल्याणची गाडी साडेपाचला आहे की सहाला, यावरून दुसरा वाद निघाला आणि सगळे खाली निघाले. पहारवाला सोडून. तो म्हणाला, तुम्ही व्हा पुढे.